पुनवेची रिकामी खाडी

"एक रविवार बघू," आतून आवाज आला. "नाही बोलली तर पुस्तक परत तिच्याकडे."

मी दाराबाहेर वाकून सँडलचा पट्टा सोडत होते. डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला. आतलं दार उघडं, जाळीचं लावलेलं. मे महिन्यात सगळ्यांचीच दारं तशी असायची आणि जिन्यात उभं राहिलं की प्रत्येक घरातलं बोलणं ऐकू यायचं. बोलणारा मुलगा चष्मेवाला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. 'ती' म्हणजे मी. मी पट्टा पुन्हा लावला, पुन्हा सोडला, म्हणजे आत्ताच येतेय असं वाटावं, आणि मग बेल वाजवली.

रागवावं असं त्यात काही नव्हतं. सहा महिने मी दर रविवारी त्या घरी जात होते, आणि त्या सहा महिन्यांत नियमांच्या पुस्तकातली वाक्यं सोडली तर माझ्या तोंडून फारसं काही बाहेर पडलं नव्हतं.

खेळ काय होता ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती, आणि असा खेळ असतो हे आमच्या ओळखीच्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या घरी तर तो 'अभ्यासाचा ग्रुप' या नावाखाली खपलेला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही इथे उभे आहात, समोर हे दिसतंय, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी शिपाई, कुणी वैद्य, कुणी चोर, आणि आपल्या सोंगाने काय केलं ते सांगायचं. ते जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. एक गोष्ट महिनोन्‌महिने चालायची. तिला आम्ही मोहीम म्हणायचो.

गोष्ट सांगणारा त्या घरातलाच मुलगा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्याचा मामा बोटीवर होता आणि कुठल्याशा बंदरातून त्याने या खेळाचं जाडजूड पुस्तक आणलेलं. मूळ पुस्तक मामाच्या मुलाने परत नेलं; आमच्याकडे उरलं ते त्याचं झेरॉक्स, दोऱ्याने शिवलेलं, काही पानं इतकी फिकट की उजेडासमोर धरून वाचावी लागत. त्या मुलाला आम्ही सूत्रधार म्हणायचो. हे नाव त्याच्या बाबांनी दिलेलं. ते हौशी नाटकांत कामं करायचे आणि हा खेळ म्हणजे प्रेक्षक नसलेलं नाटक आहे असं त्यांचं मत होतं.

पुस्तकात वीस बाजूंच्या फाशाबद्दल लिहिलेलं. तसा फासा आम्ही कुणी पाहिलासुद्धा नव्हता. सूत्रधाराने त्यावर काढलेला तोडगा असा: सोसायटीच्या गणपतीत हौजी खेळतात, तिच्या लाकडी सोंगट्यांतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या त्याने कपाटातून उचलून एका कापडी पिशवीत भरल्या. पिशवीत हात घालायचा, एक काढायची, आकडा वाचायचा, परत टाकायची. त्या सोंगट्या परत गेल्या नाहीत. त्या वर्षी सोसायटीच्या हौजीत एक ते वीस यांपैकी एकही आकडा आला नाही आणि फुल हाऊसचं बक्षीस कुणालाच का लागत नाही यावरून बायकांची भांडणं झाली. सूत्रधाराची आई रात्रभर आकडे पुकारत होती. तिलाही कळलं नाही.

मला तिथे नेलं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने. ती सूत्रधाराची चुलत बहीण, भरपूर बोलणारी. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी बघून तिने मला परस्पर कबूल करून टाकलं: पुस्तक वाचून दाखवायला एक मुलगी आणते. पहिल्या मोहिमेत म्हणून मी खेळाडू नव्हतेच. मी पुस्तक होते. चष्मेवाला विचारायचा, अंधारात तलवार चालवली तर काय वजा होतं? मी पान काढायची, तक्ता वाचायची. कधी सूत्रधार नियम चुकवायचा, तेव्हा मी बोलायची नाही. चिठ्ठी लिहायची: पान अमुक, नियम असा. चिठ्ठी त्याच्याकडे सरकवायची. तो वाचून मान हलवायचा आणि गोष्ट दुरुस्त व्हायची. या व्यवस्थेत मी सुखी होते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे दर रविवारी संध्याकाळी ठाण्याला परतताना मी मनातल्या मनात सगळ्यांचे संवाद बदलून म्हणत असे. शिपायाने असं म्हणायला हवं होतं. वैद्यीणबाईंनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

न बोलण्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझं घर ठाण्याच्या कोळीवाड्यात. बाबांची होडी होती. खाडीतली मासळी कमी होत गेली तसे ते एका कंपनीत लागले, पण होडी विकली नाही आणि सुट्टीच्या दिवशी खाडीत जाणं सोडलं नाही. आई मासळीबाजारात बसायची. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट आईचा. शाळेत मी बाबा सर्व्हिसला आहेत एवढंच सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. शाळेत इंग्रजी, घरात आमची कोळी बोली, जिच्यात खाडीची खारी होते आणि होडीची होरी. या दोन्हींच्या मध्ये जी मराठी असते, डोंबिवलीच्या त्या घरात बोलतात ती, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी, तिची मला भीती वाटायची. तोंड उघडलं की घरातला एखादा शब्द निसटेल आणि टेबलाभोवतीचे सगळे क्षणभर थांबतील, असं वाटायचं. इंग्रजीत तो धोका नव्हता. सूत्रधाराच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलेलं, ठाण्याला कुठे राहतेस गं? मी म्हणाले, स्टेशनजवळ. तेही खोटं नव्हतं.

पहिली मोहीम एप्रिलमध्ये संपली. तिच्यात किल्ले होते, बर्फ होता, खानावळीत बसून दारू पिणारे बुटके लोक होते. संपल्यावर सूत्रधार म्हणाला की त्याला आता बर्फाचा कंटाळा आलाय. कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत लोकलच्या खिडकीतून खाडी दिसते, पलीकडे डोंगर दिसतो. आपली मोहीम तिथेच का नको? त्याने तावभर कागदावर नकाशा काढलेला. मधोमध खाडी, एका काठावर गाव, दुसऱ्या काठावर गढी. गढीत साथ आली आहे. वैद्याला औषधासह रातोरात पलीकडे पोचवायचं. इथून गोष्ट सुरू.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "या वेळी तू पण खेळ ना. पुस्तक मी बघेन."

आणि मी हो म्हणाले. म्हणजे मान हलवली. नकाशावर निळ्या शाईने रंगवलेली खाडी होती, आणि तिच्या काठावर त्याने एक होडी काढलेली, लहान मुलं काढतात तशी, त्रिकोणी शिडाची. ती होडी बघून मी मान हलवली.

नव्या मोहिमेसाठी त्याने नवा नियमही केला. आधीच्या मोहिमेत सगळे 'माझा शिपाई तलवार काढतो' असं बोलायचे. आता तसं नाही. आता सोंगाच्याच तोंडून बोलायचं, आणि जे मोठ्याने बोललं जाईल तेच घडलं असं धरायचं. मनात योजलेलं चालणार नाही, खुणा चालणार नाहीत. त्याच्या बाबांनी सुचवलेला नियम असावा. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत होते.

माझ्याकडे दोन आठवडे होते. मी अभ्यास केला. अभ्यास मला येतो. पुस्तकात सोंगांची यादी होती, तिच्यात होडी चालवणारं कुणी नव्हतं. मग तक्त्यांतून इकडचं थोडं तिकडचं थोडं घेऊन मी एक नवं सोंग बांधलं. ताकद किती, चपळाई किती, पोहणं, दोर बांधणं, पाणी ओळखणं. कागदाच्या वर नावाच्या जागी फक्त लिहिलं: नाखवा. आमच्याकडे होडीच्या मुख्याला नाखवा म्हणतात. त्याच्या शब्दावर होडी निघते आणि त्याच्या शब्दावर परतते. नाखवा पुरुषच असतो. बायका बाजारात बसतात, चिखलात उतरून चिंबोऱ्या काढतात, जाळी दुरुस्त करतात, पण होडीवर चढत नाहीत. मी जे लिहिलं होतं ते आमच्या वाड्यात कुणी ऐकलं असतं तर हसले असते. डोंबिवलीत कुणाला कळणार नव्हतं. म्हणूनच मी ते लिहिण्याचं धाडस केलं असावं.

शनिवारी मी बाबांजवळ जाऊन बसले. ते दारात जाळ्याची वीण बघत होते. मी विचारलं, भरतीची वेळ कशी काढता? ते थांबले. अठरा वर्षांत मी त्यांना खाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. माझी शाळा सुरू झाली तेव्हापासून तेही मला काही सांगायचे बंद झाले होते, जणू मी दुसऱ्या खात्यात बदली होऊन गेले आहे. आता त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी आणि मध्यरात्री भरती. पुढे तिथीमागे पाऊण तास. आमच्याकडे आत पाणी पोचायला आणखी थोडा उशीर. पेरांवर अंगठा सरकवत ते अष्टमीपर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी मला करायला लावलं. पुनवेला बाराला भरती, तर संध्याकाळी? सहाला ओहोटी, मी म्हणाले. सहा-साडेसहा.

"पुनवेचा चांद वर आला का खारी रिकामी, बाय," ते म्हणाले. "चित्र काढतात ते भरलेली काढतात."

कशाला हवंय हे, त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. खेळ, सोंग, होडी, आणि नाखवा कोण होणार आहे तेही. ते पुन्हा जाळ्याची वीण चाचपू लागले. मला वाटलं, चुकलंच. मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि पाटावर नाखवा होडीत कसा बसतो ते मला बसून दाखवलं. एक गुडघा वर, हात सुकाणूवर, मान किनाऱ्याकडे नाही, पाण्याकडे. आई आतून बघत होती. तिने फक्त पाट पुसून ठेवायला सांगितलं.

तर असा तो रविवार. मी बेल वाजवली. मैत्रिणीने दार उघडलं आणि आत ओढलं. सूत्रधाराच्या आईने, म्हणजे काकूंनी, पोह्यांच्या बशा आणल्या, आणि माझ्या बशीवर खोबरं जास्त घालत म्हणाल्या की ही मुलगी चिमणीएवढं खाते आणि चिमणीपेक्षा कमी बोलते. सगळे हसले. मीही हसले. गॅलरीतून औद्योगिक वसाहतीकडचा वास येत होता. वारा त्या बाजूचा असला की यायचा. त्यांनी गॅलरीचं दार लोटून घेतलं.

सूत्रधाराने आपली टिपणं आमच्यापासून लपवायला नेहमीप्रमाणे मागच्या वर्षीची दिनदर्शिका टेबलावर उभी केली, तंबूसारखी. तिची तारखांची बाजू आमच्याकडे होती. मला समोरच लाल आकडे दिसत होते, सणवार, आणि एका चौकोनात पौर्णिमेचं रिकामं वर्तुळ.

आधी प्रत्येकाने आपण कोण ते सांगायचं होतं. मैत्रीण उठून उभी राहिली, पदर नसताना पदर खोचला आणि वैद्यीणबाई झाली. बोलता बोलता तिने चष्मेवाल्याची नाडीसुद्धा बघितली आणि याला पित्त आहे असं निदान केलं. चष्मेवाला गढीचा शिपाई झाला. आवाज जाड करून त्याने आपल्या सात लढाया सांगितल्या.

मग माझी पाळी. मी कागद उचलला आणि वाचला. सहा पानं होती. ती इंग्रजीत होती. लिहिताना मला ते जाणवलंच नव्हतं. शाळेत वह्या भरायची तशीच भरलेली. आणि नियम सोंगाच्या तोंडून बोलायचा असताना मी वाचत होते ते 'ती अमुक आहे, तिला तमुक येतं' असं. अर्ध्या पानावर मला चूक कळली आणि मी थांबले. कागदाचा आवाज झाला तेवढाच.

"निबंध छान आहे," चष्मेवाला म्हणाला. "पण मॅडम, ही बाई स्वतः कधी येणार?"

मैत्रिणीने त्याला टेबलाखाली लाथ मारली. ती मला लागली. सूत्रधार म्हणाला, चालेल, येईल ती, आपण सुरू करू. तो भला मुलगा होता, पण त्याने आपल्या जवळचं पुस्तक उचलून टेबलाच्या मध्यावर ठेवलं. माझ्या हाताला लागेल असं. तसं त्याने मुद्दाम केलं नसेल. मला ते पुस्तक बंद दिसत होतं आणि पुढचे सहा महिने मी ते उघडून वाचते आहे असंही दिसत होतं.

गोष्ट सुरू झाली. सूत्रधार आवाज खाली आणून सांगायचा, आणि चांगलं सांगायचा. गावातून निघालात. मागे धूळ दिसते आहे. दहा-बारा घोडेस्वार, औषध पोचू नये असं वाटणारा कुणीतरी आहे. तुम्ही धावत काठावर येता. पौर्णिमा आहे. डोंगरामागून चंद्र नुकताच वर आलाय. समोर खाडी तुडुंब भरलेली, चांदण्यात चमचमणारी, आणि काठाला एक होडी बांधलेली. घोड्यांच्या टापा जवळ येतायत. आता काय करता?

मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, मी आधी बटवा छातीशी धरते."

चष्मेवाला म्हणाला, "मी होडीत उडी टाकतो. नाखवा, काढ होडी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सोपं होतं. "काढते" एवढं म्हटलं असतं, पिशवीतून एक सोंगटी काढली असती, बाराच्या वरचा आकडा आला की आम्ही पार. रविवार निभावला असता. पण मी दिनदर्शिकेवरच्या त्या वर्तुळाकडे बघत होते. माझा अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला होता. पौर्णिमा. चंद्र नुकताच वर. खाडी तुडुंब.

त्याने तिथी त्या दिनदर्शिकेवरूनच उचललेली, आणि पाणी चित्रातलं भरलेलं. ही दोन्ही एकमेकांना बांधलेली असतात हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो खाडी खिडकीतून बघत मोठा झाला होता. त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटी होते. शाळा सुरू झाल्यापासून आपल्याला काहीतरी असं माहीत आहे, जे माहीत असणं म्हणजे कमीपणा, असं मी धरून चालले होते. आणि इथे बारा घोडेस्वार येत होते, आणि आमचे जीव त्यावरच वाचणार होते.

मी काय केलं? चिठ्ठी लिहिली. सवय. 'पौर्णिमेला चंद्र उगवताना खाडीत पाणी नसतं. चिखल असतो.' कागद फाडला, घडी घातली, पोह्यांच्या बशांमधून त्याच्याकडे सरकवला.

त्याने उघडून वाचला. दिनदर्शिकेवरून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या नकाशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो लाजला नाही, चिडला नाही. त्याने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली आणि ती माझ्याकडे परत सरकवली.

"चिठ्ठी चालणार नाही," तो म्हणाला. "नाखव्याने बोलायला हवं."

"काय लिहिलंय?" मैत्रीण म्हणाली. त्याने नकाशा माझ्याकडे फिरवला.

"घोडे आले हां," चष्मेवाला म्हणाला. "का आधी इंडेक्स बघायचाय?"

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मग मी जे वाक्य बोलले त्याच्यानंतर मला काही लिहायचं नाही. सूत्रधाराने खाडी रिकामी केली. आपल्या हाताने नकाशावरची निळी शाई खोडून तिथे रेघोट्या मारल्या आणि विचारलं, मग आता? मग आता, होडी चिखलात बसलेली. आम्ही तिघं फळ्या टाकत चिखलावरून तिच्यापर्यंत गेलो. चिखलावर कसं चालायचं ते मला ठाऊक होतं, लहानपणी आत्याबरोबर चिंबोऱ्यांना गेलेले. उभं राहायचं नाही, पाय टाकला की उचलायचा. शिपायाला मी चिलखत काढायला लावलं. तो कुरकुरला आणि काढलं. होडीत आडवे पडून राहिलो. घोडेस्वार आले, समोर चांदण्यात सपाट मैदान दिसलं, आणि त्यांनी घोडे आत घातले. पोटापर्यंत रुतले. साडेनवाच्या सुमाराला पाणी चढू लागलं, आमची होडी हलली, तरंगली, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत निघालो. त्यासाठी मी पिशवीतून काढलेली सोंगटी सतराची होती. ती मी कधी विसरणार नाही. काकूही पोळ्या करायच्या सोडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

मोहीम सव्वा वर्ष चालली. सूत्रधार गोष्ट आखताना मला आधी तिथी विचारू लागला. चष्मेवाला नाक्यावर भेटला तरी म्हणायचा, "नाखवा, पाणी काय म्हणतंय?", आणि ते चिडवणं असलं तरी त्यात मला उभं राहायला जागा होती. काकूंनी नंतर एकदा विचारलं, ठाण्याला नक्की कुठे गं? मी कोळीवाडा म्हणाले. त्यांनी लगेच जवळा कसा करतात ते विचारून घेतलं, हळू आवाजात, कारण घरात मासे चालत नव्हते.

त्या पहिल्या रविवारी घरी गेले तेव्हा बाबा दारातच होते. मी फक्त एवढं सांगितलं की खाडी रिकामी होती. त्यांनी विचारलं, होरीन कोन कोन होता? मी सांगितलं, एक वैद्यीण, एक शिपाई. ऐकले का ते तुझं, त्यांनी विचारलं. ऐकले, मी म्हणाले. मग त्यांनी आईला हाक मारून तेच सांगितलं, जसं काही होडी खरोखर त्यांची होती.

पण हे सगळं त्यानंतरचं. आधी ते टेबल, चार बशा, परत आलेली चिठ्ठी. तिघं माझ्याकडे बघत होते. पुस्तक माझ्या हाताशी होतं. मी ते उचललं आणि खाली, पायाशी ठेवलं. एक गुडघा खुर्चीवर वर घेतला. बाबांनी दाखवलं तसं. त्या घरात कुणी खुर्चीवर असं बसत नसणार. मान पुढे केली, त्यांच्याकडे नाही, नकाशावरच्या पाण्याकडे. कोणत्या मराठीत बोलायचं याचा विचार करायला वेळ नव्हता, आणि नाखव्याला एकच भाषा येत होती.

"मी नाखवा हाय," मी म्हणाले. "पुनवेचा चांद वर आला, म्हंजे खारी रिकामी. माजे होरीन बसाचा त माजा आयकाचा."